बिशपला किल्ला कशाला लागतो? ब्रुनेकच्या छोट्या किल्ल्याची गोष्ट

इटलीच्या अगदी उत्तरेला, डोलोमाइट्सच्या वरच्या अंगाला, ब्रुनेक नावाचं गाव आहे. इटालियनमध्ये त्याला ब्रुनिको म्हणतात. उंची साधारण ८३५ मीटर, वस्ती १७ हजारांच्या आसपास, रिएन्झ नदी, एक लांब वळलेली जुनी बाजारपेठ आणि तिच्या डोक्यावर झाडीतून वर आलेला एक छोटासा किल्ला. ब्राइसचं हिरवंनिळं तळं बघायला जाणारे आपले बरेच लोक या गावावरूनच पुढे जातात, नाहीतर क्रोनप्लाट्झच्या डोंगरावर केबल कारने जाऊन येतात, आणि किल्ला बघितला तरी लांबून एखादा फोटो काढतात न् संपलं. मला हे फार वाईट वाटतं, कारण आल्प्समधलं मध्ययुगीन राजकारण नेमकं चालायचं कसं हे समजून घ्यायला याच्याइतकी सोपी जागा दुसरी नाही. फक्त एक प्रश्न धरून चालायचं, की हा किल्ला कुठल्या राजाने नाही, सरदाराने नाही, तर एका बिशपने बांधलाय. चर्चच्या माणसाला बुरूज, तटबंदी आणि सैनिक कशाला लागतात?

तर आधी हे समजून घ्या की त्या काळातला बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे. जर्मन सम्राटाच्या राज्यात बरेच बिशप एकाच वेळी धर्मगुरूही होते आणि राज्यकर्तेही. त्यांची स्वतःची जमीन, स्वतःचा कर, स्वतःचं कोर्ट, स्वतःचे सैनिक. ब्रुनेकपासून पस्तीसेक किलोमीटरवर ब्रिक्सन नावाचं शहर आहे, तिथला बिशप हा असाच संस्थानिक बिशप.

हे असं झालं कशामुळे, तर सम्राटाची एक अडचण होती. जर्मन राजाला सम्राट व्हायचं असेल तर रोमला जाऊन पोपच्या हातून मुकुट घ्यावा लागायचा, आणि रोमला जायचं म्हणजे आल्प्स ओलांडायचे, त्यासाठी सगळ्यात सोयीची खिंड म्हणजे ब्रेनर. ती खिंड ज्याच्या ताब्यात तो सम्राटाला अडवू शकतो. मग अशी जागा एखाद्या बलाढ्य सरदाराला द्यायची का? सरदाराला दिली की त्याचा मुलगा, मग नातू, आणि तीन पिढ्यांत ती त्याच्या घराण्याचीच होऊन बसते, आपल्याकडे वतनाचं व्हायचं अगदी तसंच. बिशपला मात्र लग्न नाही, वारस नाही, तो गेला की नवीन बिशप येणार आणि त्याच्या निवडीत सम्राटाला हात घालता येणार. म्हणून १०२७ साली सम्राट कॉनराड दुसरा याने ब्रेनरच्या रस्त्यावरचा मोठा मुलूख ब्रिक्सनच्या बिशपला देऊन टाकला, आणि १०९१ साली सम्राट हेन्री चौथा याने त्यात पुस्टर खोरं घातलं, म्हणजे ज्या खोऱ्यात ब्रुनेक आहे तेच. हा हेन्री म्हणजे पोपबरोबर उभा दावा मांडलेला माणूस, आणि पोप ग्रेगरी सातव्याला पदावरून काढल्याचा ठराव त्याने १०८० साली कुठे करून घेतला, तर ब्रिक्सनमध्येच. म्हणजे बिशप त्याच्या बाजूचा होता आणि खोरं त्याच निष्ठेपोटी मिळालं असं म्हणायला हरकत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढे जी गुंतागुंत होते ती समजली की किल्ला समजला.

चर्चचा माणूस रक्त सांडू शकत नाही, हा नियम होता. फाशीची शिक्षा द्यायची, लढाईत सैन्य घेऊन जायचं, ही कामं बिशपने स्वतः करायची नाहीत. मग त्यासाठी तो एखाद्या तलवारबाज सरदाराला नेमायचा, जर्मनमध्ये त्याला फोग्ट म्हणत. कागदावर फोग्ट हा बिशपचा रक्षक आणि कारभारी. पण सैन्य त्याच्या हातात, मोठ्या गुन्ह्यांचं कोर्ट त्याच्या हातात, आणि हे पद हळूहळू त्याच्या घराण्यात वारशाने चालायला लागलं, म्हणजे सम्राटाने जे टाळायला बिशपला जमीन दिली तेच मागच्या दाराने घरात शिरलं. ब्रिक्सनच्या बाबतीत हे रक्षक शेवटी तिरोलचे काउंट झाले आणि त्यांनी बिशपच्याच जमिनीतून स्वतःचं राज्य उभं केलं. तिरोल हा प्रांत बराचसा असाच जन्मला, बिशपांचं रक्षण करता करता.

१२५३ साली तिरोलचा काउंट आल्बर्ट वारला, मुलगा नव्हता, आणि वारसा गेला जावयांकडे. त्यातला एक गोर्त्सचा काउंट माइनहार्ट, आणि गोर्त्सवाल्यांची पुस्टर खोऱ्यात आधीपासून ठाणी होती. म्हणजे बिशपच्या दोन्ही बाजूंना आता एकच घराणं. ब्रिक्सनच्या गादीवर तेव्हा ब्रुनो नावाचा बिशप होता, १२५० च्या सुमाराला आलेला, पुढे १२८८ पर्यंत जवळजवळ चार दशकं टिकलेला माणूस. त्याने ओळखलं की खोऱ्यात आपले विखुरलेले मळे, गावं, कुळं आहेत, पण पाय रोवून उभं राहायला एक घट्ट जागा नाही. मग त्याने टेकडीवर किल्ला उभा केला आणि खाली गाव वसवलं. १२५६ च्या एका दस्तऐवजात ब्रुनेक हे नाव पहिल्यांदा येतं, आणि नावात ब्रुनो आहेच.

जागा कशी निवडलीय ते नकाशात बघा. पुस्टर खोरं पूर्व-पश्चिम जातं. ब्रुनेकला उत्तरेकडून आर नदीचं खोरं येऊन मिळतं, आणि थोडं पश्चिमेला दक्षिणेकडून लादिन भाषा बोलणाऱ्यांचं गाडर खोरं उतरतं. म्हणजे तिन्हीकडचे रस्ते इथे जवळपास एकत्र येतात. आणि काही किलोमीटरवर सांक्ट लोरेन्झेनला गोर्त्सवाल्यांचा मिखेल्सबुर्ग किल्ला होता, शत्रू अगदी शेजारी. पुढे १२७१ साली माइनहार्टच्या मुलांनी वाटण्या केल्या, एकाने तिरोल घेतलं, दुसऱ्याने गोर्त्स आणि पुस्टर खोरं, आणि ब्रुनेक गोर्त्सच्या मुलखाच्या मधोमध बिशपचं एक बेट होऊन राहिलं. तेही १५०० सालापर्यंत, गोर्त्सचं घराणं निर्वंश होऊन खोरं ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या माक्सिमिलियनकडे जाईपर्यंत!

किल्ला आकाराने लहानच आहे. चौकोनी उंच बुरूज, त्याभोवती तट, आत अंगण, बिशप आले तर त्यांच्या राहायच्या खोल्या. एरवी तिथे बिशपचा नेमलेला अधिकारी बसायचा, तो आजूबाजूच्या मुलखाचा कारभार बघायचा, न्यायनिवाडा करायचा, गावाच्या रक्षणाची जबाबदारी त्याच्यावर. किल्ला म्हटलं की आपल्या डोक्यात लढाईच येते, पण या किल्ल्याचं रोजचं आयुष्य म्हणजे धान्याच्या रूपात येणारा सारा मोजणं, जमिनीचे तंटे सोडवणं, कागद जपून ठेवणं. खरं तर ते एक तटबंदीतलं सरकारी ऑफिसच होतं, आणि मला तोच भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो कारण सत्ता रोज दिसायची ती तिथे.

खालचं गाव म्हणजे टेकडीला वळसा घालून गेलेली एक गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, भोवती तट आणि खंदक, चार वेशी. त्या चारही वेशी अजून उभ्या आहेत. गावाला पैसा मिळायचा व्यापारातून. व्हेनिसहून जर्मनीतल्या आउग्सबुर्गकडे जाणारा माल अँपेत्सोवरून तोब्लाखला चढायचा आणि पुस्टर खोऱ्यातून ब्रेनरकडे जायचा. दक्षिणेकडून कापूस, रेशीम, मसाले, उत्तरेकडून धातू आणि कापड. त्या मसाल्यांत मलबारची काळी मिरी होती, समुद्रमार्गे अरबी व्यापाऱ्यांकडून अलेक्झांड्रियाला, तिथून व्हेनिसला आणि मग घोड्याखेचरांच्या पाठीवरून या खोऱ्यात, तेव्हा भारताचा आणि या गल्लीचा संबंध पर्यटनाच्या कितीतरी आधीचा आहे. या रस्त्यांवर मालवाहतुकीची एक पद्धत होती, व्यापाऱ्याने आपली गाडी सरळ शेवटपर्यंत न्यायची नाही, ठरलेल्या टप्प्यावर माल उतरवायचा, गोदामात ठेवायचा, आणि पुढच्या टप्प्याचे हक्काचे गाडीवान तो उचलणार. प्रत्येक टप्प्याला मजुरी, गोदामाचं भाडं, खाणावळी, नालबंद, चांभार. वाटेवरची अख्खी गावं त्यावर जगायची.

आता या किल्ल्याचा सगळ्यात मोठा प्रसंग, १४६० चा. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१४५० साली ब्रिक्सनची गादी रिकामी झाली. तिथल्या धर्ममंडळाने आपला माणूस निवडला, तो होता तिरोलच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे ड्यूकच्या सोयीचा. पोपने ती निवड बाजूला सारली आणि स्वतःचा माणूस पाठवला, निकोलस कुसानुस. हा कोण, तर त्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या विचारवंतांपैकी एक. १४०१ साली मोझेल नदीकाठच्या कूस गावात जन्मलेला, नावाड्याचा मुलगा. कोपर्निकसच्या पुस्तकाच्या शंभर वर्षं आधी, १४४० मध्ये, त्याने लिहून ठेवलं होतं की विश्वाला ठरावीक केंद्र नाही आणि पृथ्वी काही त्याच्या मधोमध स्थिर बसलेली नाही. आणि १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतल्याची बातमी आली, युरोपभर सूडाची भाषा सुरू झाली, तेव्हा ब्रिक्सनचा बिशप असलेल्या याच माणसाने एक संवाद लिहिला, त्यात वेगवेगळ्या धर्मांचे आणि देशांचे शहाणे लोक एकत्र बसून शांततेवर बोलतात, आणि त्यांच्यात एक भारतीयही आहे. अर्थात संवाद शेवटी ख्रिस्ती चौकटीतच जातो, पण त्या वर्षी हे लिहायला धाडस लागतं.

एवढा शहाणा माणूस, पण राज्यकर्ता म्हणून अतिशय ताठर. त्याने आल्या आल्या बिशपच्या दप्तरखान्यातले जुने कागद काढले, शेकडो वर्षांपूर्वीची सम्राटांची दानपत्रं, आणि म्हणायला लागला की हा सगळा मुलूख मुळात आमचा आहे, तिरोलचा ड्यूक आमचा रक्षक म्हणून नेमलेला, मालक आम्ही. कायद्याने बघितलं तर मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता. पण तिरोल आता हाब्सबुर्गांकडे होतं, १३६३ पासून, आणि ड्यूक सिग्मुंडकडे श्वात्सच्या चांदीच्या खाणी होत्या, लोक त्याला नाण्यांनी श्रीमंत म्हणूनच ओळखायचे. चारशे वर्षांपूर्वीचा कागद दाखवून असला माणूस बाजूला होत नसतो.

भडका उडाला तो ब्रुनेकच्या शेजारी. झोनेनबुर्ग नावाचा स्त्रियांचा बेनेडिक्टाइन मठ होता, सरदार घराण्यातल्या बायका तिथे राहायच्या, त्यांची एनेबेर्ग खोऱ्यात जमीन होती, कुळं होती. मठप्रमुख व्हेरेना फॉन श्टुबेन. कुसानुसचं म्हणणं, मठाचे दरवाजे बंद करा, जोगिणींनी नियमाप्रमाणे आत राहावं, आणि एनेबेर्गच्या लोकांवर कोर्टाचा अधिकार माझा. व्हेरेनाने सरळ नाही म्हटलं. आम्ही कायम अशाच राहत आलो, आमचा रक्षक ड्यूक आहे, तुमचं कोर्ट इथे चालणार नाही. म्हणजे बघा, नुसता धर्मसुधारणेचा वाद नाही हा, खाली जमीन आहे, सारा आहे, आणि रक्षक कोण हा तोच जुना प्रश्न आहे. कुसानुसने तिला १४५५ साली धर्मबहिष्कृत केलं. १४५७ साली त्याला स्वतःच्या जिवाची भीती वाटायला लागली, मग तो डोलोमाइट्समधल्या आंद्राझच्या एकाकी किल्ल्यात जाऊन बसला, वर्षभराहून जास्त. एप्रिल १४५८ मध्ये व्हेरेनाने भाड्याचे सैनिक एनेबेर्गला सारा वसूल करायला पाठवले, आणि बिशपच्या कप्तानाने गावकऱ्यांना घेऊन त्यांना डोंगराच्या चिंचोळ्या वाटेवर गाठलं. पन्नासच्या वर माणसं मेली. व्हेरेनाला मठ सोडावा लागला.

यात कुणाची बाजू घ्यायची? बऱ्याच ठिकाणी कुसानुस सुधारक आणि व्हेरेना हट्टी बाई असं रंगवलेलं असतं. मला ते पटत नाही. तिच्या मठाचे हक्क शतकानुशतकं चालत आलेले, बिशपही जुने कागद दाखवून हक्क मागत होता आणि तीही तेच करत होती. आणि मेले ते भाड्याचे शिपाई, दोन मालकांनी एकाच शेतावर सारा मागितल्यावर अडकली ती एनेबेर्गची कुळं, त्यांचं नाव कुठे येत नाही.

त्याच वर्षी कुसानुसचा जुना मित्र पायस दुसरा या नावाने पोप झाला आणि कुसानुस रोमला गेला. १४६० च्या सुरुवातीला परत आला, आणि ईस्टरच्या आठवड्यात तो ब्रुनेकच्या किल्ल्यात होता, ड्यूकशी बोलणी चालू होती. ती फिसकटली. ईस्टर त्या वर्षी १३ एप्रिलला होता, आणि त्याच दिवसांत सिग्मुंडची माणसं ब्रुनेकवर चालून आली, आधी गाव ताब्यात घेतलं, मग टेकडीला वेढा घातला. किल्ला बिशपांना असल्याच प्रसंगी सुरक्षित ठेवण्यासाठी बांधलेला, पण तोफांच्या जमान्यात मूठभर शिपायांनिशी ड्यूकच्या सैन्यापुढे किती टिकणार. काही दिवसांतच कुसानुस, म्हणजे नुसता बिशप नव्हे तर रोमन चर्चचा कार्डिनल, पोपच्या खालोखालच्या पदावरचा माणूस, शरण आला. पैसे, किल्ले, दावे सोडून देणाऱ्या अटींवर सही करावी लागली, सुटल्यावर तो रोमला निघून गेला आणि आपल्या मुलखात परत कधीच आला नाही.

ख्रिस्ती जगात खळबळ उडाली. पोपने ऑगस्टमध्ये सिग्मुंडला बहिष्कृत केलं, तिरोलमध्ये धर्मविधी बंद करायचा हुकूम काढला, पण तिथल्या बऱ्याच पाद्र्यांनी तो मानलाच नाही, लग्नं, बाप्तिस्मे, प्रार्थना चालू राहिल्या. पोपच्या शब्दाची ताकद किती उरलीय हे लोकांना दिसून आलं, आणि पोपविरुद्ध उघड उभा राहणाऱ्या ल्यूथरला यायला अजून अर्धं शतक होतं. तडजोड झाली ती ऑगस्ट १४६४ मध्ये, कुसानुस तोदी गावात वारल्यानंतर दोनच आठवड्यांनी. त्याला रोममध्ये पुरलं, काळीज मात्र कूसला नेलं, त्यानेच म्हाताऱ्या गरिबांसाठी उभारलेल्या आश्रमात, आणि तो आश्रम आजही चालू आहे.

यानंतर किल्ल्याचा इतिहास भराभर सांगता येतो. कुसानुस गेल्यानंतरच्याच वर्षांत खाली गावात मिखाएल पाखर नावाचा चित्रकार आणि लाकडी शिल्पं करणारा कलाकार काम करत होता, ऑस्ट्रियातल्या सांक्ट वोल्फगांगची प्रचंड वेदी त्याने १४७१ ते १४८१ मध्ये केली, चित्रांत इटालियन पद्धतीचा खोलीचा भास आणि जर्मन पद्धतीचं कोरीवकाम एकाच वेळी, आणि ते सुचायला दोन्हीकडचा माल ज्या रस्त्याने जातो तिथेच राहावं लागतं. १५५२ साली सम्राट चार्ल्स पाचवा बंडखोर सरदारांपुढे इन्सब्रुक सोडून पळाला तो याच खोऱ्यातून फिलाखला गेला. १७२३ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. आणि १८०३ साली नेपोलियनच्या धक्क्याने सगळ्या संस्थानिक बिशपांची राज्यं एकदमच बरखास्त झाली, ब्रिक्सनचंही. बिशप राहिला, पण आता फक्त धर्मगुरू. आठशे वर्षांची ती व्यवस्था एका ठरावात गेली.

१८७१ साली पुस्टर खोऱ्यात रेल्वे आली आणि पाठोपाठ हवापालट करायला येणारी मंडळी. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाचा होता, १९१५ मध्ये इटली पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाविरुद्ध उतरली, डोलोमाइट्समध्ये आघाडी उघडली, आणि जखमी शिपाई ब्रुनेकला यायला लागले. किल्ल्यामागच्या टेकडीवर झाडीत त्यांची दफनभूमी आहे, लाकडी खुणा, त्यात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहेत, रशियन युद्धकैदी आहेत. किल्ला बघायला गेलात तर तिथे जाच. १९१९ च्या तहाने हा सगळा जर्मन बोलणारा मुलूख इटलीला गेला, मुसोलिनीच्या काळात गावांची नावं बदलली, शाळेतून जर्मन भाषा काढली. १९४६ चा करार आणि मग १९७२ चा स्वायत्ततेचा कायदा, यांतून आज पाट्यांवर जर्मन आणि इटालियन दोन्ही दिसतं, लादिन खोऱ्यांत तिन्ही. ब्रुनेकमध्ये बहुतेक लोक अजूनही जर्मनच बोलतात.

२०११ पासून किल्ल्यात राइनहोल्ड मेस्नरचं म्युझियम आहे. मेस्नर म्हणजे आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं पहिल्यांदा सर केलेला गिर्यारोहक, १९७८ साली पीटर हाबेलरबरोबर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टवर गेलेला, याच प्रांतातल्या फिलनॉस खोऱ्यात वाढलेला. त्याने एकूण सहा म्युझियम्स उभी केली, पण ब्रुनेकचं म्युझियम शिखरांवर नाहीच, ते डोंगरात राहणाऱ्या माणसांवर आहे. हिमालय, अँडीज, आफ्रिका, आल्प्स इथल्या लोकांची घरं, तंबू, अवजारं, देवधर्म, रोजच्या वस्तू. ज्या इमारतीत शतकानुशतकं डोंगरातल्या कुळांच्या साऱ्याचा हिशोब ठेवला, तिथे आता त्यांच्याच जगण्याच्या वस्तू मांडल्यात, हे मला फार योग्य वाटतं.

जायचं असेल तर ब्रेनरच्या रेल्वेमार्गावरच्या फोर्तेत्सा स्टेशनवरून पुस्टर खोऱ्याची लोकल पकडा, ब्रुनेक स्टेशनवरून किल्ला चालत होतो, शेवटचा चढ थोडा आहे. म्युझियम वर्षभर चालू नसतं, तारखा आधी बघून घ्या. आणि गाडी असेल तर एका दिवसात तिन्ही जागा होतात, सकाळी किल्ला, मग सांक्ट लोरेन्झेनजवळचं झोनेनबुर्ग, मठ १७८५ साली बंद झाला आणि आता तिथे हॉटेल आहे, आणि दुपारी गाडर खोऱ्यातून वर चढून फाल्झारेगो खिंडीच्या पलीकडे आंद्राझचा पडका किल्ला. आधी झोनेनबुर्ग बघून मग आंद्राझला गेलात की त्या बिशपला नेमकी कशाची भीती वाटत होती ते रस्त्यावरच कळतं, कारण अंतर केवढंसं आहे आणि मध्ये डोंगर केवढे आहेत.